बाची-शिनोळीच्या मधला हिशेब

वेंगुर्ला रोडनं बेळगावातून बाहेर पडलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी आणि मग बाची. बाचीच्या पुढं नदी आडवी येत नाही की डोंगर आडवा येत नाही. दुकानांच्या पाट्या बदलतात, बसचा तोंडवळा बदलतो आणि शिनोळी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात तेच, रताळ्याचे वेल तेच, बोली तीच, सोयरीकही एकमेकांत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जिल्हाही एकच होता. त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्याच जिल्ह्यातला, शिनोळी ज्यात येते तो चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात, राहिला.

मी बेळगावातल्या एका सोसायटीत सव्वीस वर्षं हिशेब लिहितो. कर्ज, ठेव, पिग्मी म्हणजे एजंट दारात येऊन रोज गोळा करतो ती छोटी बचत, थकबाकी. आमच्या एक सभासद तुरमुरीच्या आहेत. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची धाकटी बहीण शिनोळीला दिलेली. बाजाराच्या दिवशी दोघी जोडीनं येतात, अक्का हप्ता भरते, धाकटी बाकावर बसून राहते. अक्काला २०२३ पासून कर्नाटकाच्या गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार मिळतात. धाकटीला २०२४ पासून महाराष्ट्राच्या लाडकी बहीणचे पंधराशे. एकदा पावती घेता घेता अक्कानं विचारलं, “सर, तुम्ही सगळ्यांचे हिशेब लिवताय. आमच्या दोघींत कुणाचं सरकार बरं, सांगा की ओ.”

मला सांगता आलं नाही. दोन हजार पंधराशेहून जास्त, एवढं कुणीही सांगेल. तिनं विचारलं होतं ते वेगळंच होतं: या पैशानं आमच्या घरात काय बदललं, आणि पैसा आला नसता तर काय झालं असतं? पुढं कित्येक दिवस तो प्रश्न डोक्यात राहिला. तेव्हा लक्षात आलं, की बेंगळूर आणि मुंबई या दोन्ही ठिकाणी हजारो कोटींचे निर्णय होतात, आणि अक्काला उत्तर देता येईल अशी नोंद ठेवायची सोय मात्र निर्णयाबरोबर कुणी करून ठेवत नाही.

सरकार दोन आकडे मोठ्या आवाजात सांगतं: किती खर्च केला आणि किती लाभार्थी झाले. कर्नाटकानं २०२४-२५ च्या सुमारे ३ लाख ७१ हजार कोटींच्या अर्थसंकल्पात गृहलक्ष्मीसारख्या पाच गॅरंटी योजनांसाठी जवळपास ५२ हजार कोटी ठेवले. ही रक्कम एका गावापुरती आणून बघा. हजार घरांना दोन हजार मिळत असतील, तर गावात महिन्याला वीस लाख येतात, वर्षाला दोन कोटी चाळीस लाख. ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या कामांशी ताडून पाहिलं तर ही रक्कम लहान नाही. एवढा पैसा दर महिन्याला रोख खात्यात येतो, तेव्हा गावात काहीतरी हललंच पाहिजे. सावकाराचं कर्ज कमी झालं का? शाळा सुटायची ती मुलगी पुढं शिकली का? शेतमजुरीचा दर वाढला का, बाई कामाला कमी जाऊ लागली का, की किराणा दुकानदारानं भावच चढवले? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर लाभार्थींच्या संख्येत नसतं. तरीही विरोधातले लोक या पैशाला खिरापत म्हणतात, सत्तेतले क्रांती म्हणतात, आणि मोजून बघितलेलं दोघांनीही नसतं.

शिकलेले लोक वादात एक आकडा पुढं करतात. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त आणि धोरण संस्थेतल्या अभ्यासकांनी २०१३ मध्ये भारतासाठी गुणक काढला होता. सरकारनं रस्ते-पुलांसारख्या भांडवली कामावर एक रुपया खर्च केला तर उत्पन्न २.४५ रुपयांनी वाढतं. तोच रुपया थेट लोकांच्या हातात दिला तर ०.९८ रुपयानं. यावरून निष्कर्ष निघतो की वाटप वाया आणि बांधकाम बरं. अभ्यास प्रामाणिक आहे, माझी तक्रार त्याच्या वापराबद्दल आहे. तो गुणक अख्ख्या देशाचा आहे. बेळगावात रस्ता झाला की सिमेंट, सळई, डांबर, यंत्रं आणि पुष्कळदा ठेकेदारही बाहेरून येतो. देशाच्या हिशेबात तो पैसा देशातच फिरतो, म्हणून गुणक मोठा दिसतो. तालुक्याच्या हिशेबात त्यातला मोठा भाग पहिल्याच दिवशी बाहेर जातो. अक्काचे दोन हजार मात्र आधी गावच्या किराणा दुकानात आणि मग बेळगावच्या बाजारात जातात. म्हणजे देशासाठी जो क्रम खरा, तो तालुक्यासाठी उलटा असू शकतो. असू शकतो, एवढंच म्हणतो. आहे, असं म्हणायला कुणीतरी तुरमुरीत जाऊन मोजायला हवं.

मोजायचं म्हणजे काय, हे मला पुस्तकापेक्षा बसमध्ये जास्त कळलं. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली. राज्यातल्या बायकांना साध्या सरकारी बसमधून मोफत प्रवास. कंडक्टर ओळखपत्र बघतो, यंत्रातून शून्य तिकीट फाडून देतो, आणि प्रत्यक्ष प्रवासाच्या अंतरावरून महामंडळाला सरकार भरपाई देतं. एका सकाळी मी उचगाव फाट्यावरून बेळगावला येत होतो. पुढच्या तीन बाकांवर तीन बायका, तिघींच्या हातात तीच शून्याची चिट्ठी. बोलता बोलता तिघींची कहाणी कळली. पहिली कापडाच्या दुकानात कामाला. ती आधीही रोज याच बसनं पैसे देऊन यायची. दुसरी वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाडीनं यायची, कारण बसची वेळ जुळत नसे. आता ती बससाठी थांबते. तिसरीकडं मेथी आणि कोथिंबिरीचं गाठोडं होतं. ती आधी येतच नव्हती. गावात येणाऱ्या दलालाला माल देऊन टाकायची. आता स्वतः बाजारात बसते.

सरकारच्या वहीत या तिघी एकसारख्या आहेत: तीन प्रवास, तीन शून्य तिकिटं, तेवढी भरपाई. प्रत्यक्षात पहिलीच्या बाबतीत प्रवासात काहीच बदललं नाही; तिचं भाडं सरकारच्या खिशातून तिच्या खिशात आलं, आणि तिच्यासाठी ते पैसे मोलाचे आहेत. दुसरीचं भाडं वाचलं, पण वडापवाल्याची एक सीट गेली. त्याच्या गाडीचा हप्ता आमच्याच सोसायटीत असण्याची शक्यता आहे, म्हणून मला तो दिसतो. तिसरीच्या बाबतीत मात्र नवं काहीतरी घडलं. एका बाईनं बाजार गाठला, तिला भाव कळला, तिच्या हातात रोख आली. तिचा फायदा बसभाड्याएवढा धरणं चूक. दलालानं दिला असता तो भाव आणि बाजारात मिळाला तो भाव यातला फरक तिचा. त्यातून तिचा गेलेला अर्धा दिवस वजा करायचा. पहिलीसारख्या किती, दुसरीसारख्या किती आणि तिसरीसारख्या किती, हे कळल्याशिवाय शक्ती योजना कशी चालली आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. बसच्या दारात लोंबकळणारी कॉलेजची पोरं याच हिशेबात येतात, कारण गर्दीमुळं ज्याची बस चुकली त्याचा तास बुडाला. भरपाईच्या कागदावर त्या तासाला रकाना नाही.

त्याच बसमध्ये शिनोळीची धाकटी बसली तर ती पूर्ण भाडं देते, कारण तिचं ओळखपत्र कर्नाटकाचं नाही. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून तिला निम्मं भाडं, पण तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. दोघी बहिणी, एकच बाजार, एकीला शून्य, दुसरीला भाडं. माझा सगळा मुद्दा इथून सुरू होतो.

सरकारी निर्णयाचा परिणाम मोजण्यातली खरी अडचण ही, की निर्णय झाला नसता तर काय झालं असतं ते आपल्याला दिसत नाही. योजनेआधी आणि योजनेनंतर एवढंच ताडून चालत नाही. मधल्या काळात पाऊस बरा झाला, भाजीचा भाव वाढला, कोरोनानंतर बाजार उघडला, असं दहा प्रकारचं काही घडलेलं असतं. म्हणून जोडीला असं दुसरं गाव लागतं, जिथं पाऊस तोच, भाव तेच, माणसं तशीच, पण निर्णय लागू नाही. अमेरिकेत १९९२ च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या हॉटेलांत वेतनवाढीच्या आधी आणि नंतर किती कामगार होते ते मोजलं. वेतन वाढलं की कामगार कमी होतात, हा सगळ्यांचा समज. तसं घडलेलं त्यांना दिसलं नाही. त्यावर पुढं भरपूर वाद झाले, पण वाद आकड्यांवर झाले. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. क्रूगर तोवर वारले होते.

त्यासाठी अमेरिकेला जायचीही गरज नाही. ही रीत मराठी मुलखाला जुनी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभाची पाहणी केली, ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याला किती पैसे लागले आणि पाणीपट्टी किती आली, एवढ्यावर सरकारचं समाधान होतं. गाडगीळांनी कालव्याखालची शेतं आणि जवळचीच कोरडवाहू शेतं शेजारी शेजारी ठेवली. पीक किती वाढलं ते पाहिलं आणि त्याबरोबर मजुरी, व्यापार, साखर कारखाना असे आडून येणारे फायदेही धरले. पुढं ते प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. आधी मोजलं, मग उभारलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

आता आपल्याकडं बघा. १९५६ पर्यंत एक जिल्हा, त्यानंतर दोन राज्यं, मध्ये फक्त रेघ. निर्णय मात्र दोन्हीकडं वेगळे. रोजगार हमीचा दर २०२४-२५ मध्ये कर्नाटकात ३४९ रुपये होता, महाराष्ट्रात २९७. कायदा एक, काम एक, आणि रेघेच्या अलीकडं बावन्न रुपये जास्त. मग या बाजूला शेतमजुरीचा दर त्यामुळं वाढला का? दुधाचंही तसंच. कर्नाटकात सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला लिटरमागं पाच रुपये प्रोत्साहन वर्षानुवर्षं मिळतं आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये गाईच्या दुधाला पाच रुपयांचं अनुदान आलं ते ठरावीक मुदतीसाठी. सातत्यानं मिळालेल्या पाच रुपयांनी गाई वाढतात का, आणि मुदतीच्या पाच रुपयांनी वाढत नाहीत का? उत्तर बाची आणि शिनोळीच्या गोठ्यांत आहे. मोजायला लागणार एक वही आणि दोन वेळा मारलेली फेरी.

सगळ्यात मोलाचा फरक मला गृहलक्ष्मी आणि लाडकी बहीण यांच्या रचनेत दिसतो. कर्नाटकात पैसे रेशनकार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळतात, घरात एकीलाच. महाराष्ट्रात योजना आली तेव्हा अटीत बसणाऱ्या २१ ते ६५ वयाच्या बाईला, मग त्या घरात सासूही असू शकत होती आणि सूनही. आमच्याकडच्या एकत्र घरांत याचा अर्थ काय होतो ते चुलीपाशी बसणाऱ्याला लगेच कळेल. अलीकडं पैसा बहुतेक सासूच्या हातात. पलीकडं सुनेच्या नावाचं स्वतंत्र खातं. सुनेच्या हातातला पैसा लेकरांच्या दुधावर आणि शाळेवर जास्त जातो का, आणि सासूचा औषधावर, देवधर्मावर, मुलीच्या माहेरपणावर? की घरात आल्यावर सगळा पैसा एकच होतो? पुढच्या वीस वर्षांत देशभर अशाच योजना निघणार आहेत. रक्कम किती यापेक्षा कुणाच्या नावावर, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरेल, असं मला वाटतं. आणि त्याचं उत्तर शोधायला बेळगाव-चंदगडपेक्षा सोयीच्या जागा देशात फार थोड्या असतील.

ही तुलना सोपी नाही, हे मान्य. चंदगडचा पश्चिम भाग डोंगराळ, पाऊस जास्त, काजूचं उत्पन्न वेगळं. म्हणून सगळा तालुका सगळ्या तालुक्याशी ताडू नये, रेघेला लागून असलेली गावंच घ्यावीत. आणि पैसा रेघ पाळत नाही. शिनोळीच्या धाकटीचे पंधराशे कुठं खर्च होतात? बेळगावात, गणपत गल्लीत आणि खडेबाजारात. तिनं दुकानात उभं राहून साडी घेतली की जीएसटीतला राज्याचा वाटा कर्नाटकाला जातो. म्हणजे मुंबईनं वाटलेल्या पैशाचा एक झरा बेंगळूरच्या तिजोरीत उतरतो, आणि बेळगावच्या व्यापाऱ्याची दिवाळी काही अंशी महाराष्ट्राच्या योजनेवर होते. तो व्यापारी कन्नड, मराठी, गुजराती, मारवाडी कुणीही असेल. नुसती दोन गावं ताडली तर हे निसटतं, म्हणून बाजारपेठही मोजावी लागेल. तेही जमण्यासारखं आहे.

बांधकामांकडं वळलं की माझा जीव जास्त तुटतो, कारण तिथं खर्च दिसतो आणि नुकसान दिसत नाही. शहरातल्या एका रस्त्याचं काम काही वर्षांपूर्वी निघालं. कोणत्या खात्याचं ते सोडून देऊ. रस्ता उकरला आणि दीर्घ काळ तसाच राहिला. आमचा पिग्मी एजंट त्याच रस्त्यावर फिरायचा. त्याची वही माझ्याकडं रोज संध्याकाळी यायची, त्यामुळं मी ते आकड्यांत पाहिलं: चहावाल्याची रोजची पन्नासाची पिग्मी आधी वीसवर आली, मग दिवसाआड, मग बंद. शिंप्यानं ठेव मोडली. झेरॉक्सवाला गाळा सोडून गेला. रस्ता अखेर चांगला झाला, आज त्यावरून गाडी छान जाते, आणि कामाच्या फलकावर झालेला खर्च लिहिलेला आहे. त्या चहावाल्याचं बुडालेलं उत्पन्न त्या रस्त्याच्या किमतीत धरलं असतं, तर उशीर किती महागात पडतो हे अभियंत्यालाही कळलं असतं आणि ठेकेदाराच्या करारात त्याची जागा झाली असती. पिग्मीची वही हे बाजाराच्या नाडीचं यंत्र आहे. शहरात अशा शेकडो वह्या असतील. नावं झाकून बेरजा घेतल्या, तर कोणत्या गल्लीत कधी मंदी आली हे आठवड्याच्या आत सांगता येईल.

बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. केंद्राचे पाचशे आणि राज्याचे पाचशे, अशी हजार कोटींची चौकट. योजनेची मुदत मार्च २०२५ ला संपली. वर्षानुवर्षं जाहीर होत राहिलं ते कामं किती पूर्ण आणि निधी किती वापरला. निधी वापरला जाणं हे यश मानायची सवय आपल्याला इतकी जडली आहे, की पैसे खर्चून काय झालं हा प्रश्न विचारणारा माणूस शहराचा शत्रू वाटतो.

हलगा-मच्छे बायपासची गोष्ट याहून दुखरी. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं ते शिवार बेळगाव बासमतीचं. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात आणि रस्त्यावर लढले. बायपासचा फायदा मोजायची रीत तयार आहे: किती गाड्या, किती मिनिटं वाचली, किती डिझेल वाचलं, शहरातली गर्दी किती हटली. हे फायदे खरे आहेत, मी नाकारत नाही. पण दुसऱ्या बाजूला काय धरलं जातं? जमिनीचा दर गुणिले गुंठे. त्या एकरात भातलावणीला येणाऱ्या बायकांचे रोज, पिंजरावर, म्हणजे भाताच्या वाळल्या काडावर, जगणारी म्हैस, तिचं दूध घेणारं घर, वाट्यानं कसणारा, ज्याच्या नावावर सातबारा नाही म्हणून ज्याला भरपाई नाही, बासमती कांडणारी गिरणी: हे सगळे त्या जमिनीच्या दरात येत नाहीत. शिवाय एक चूक उलट बाजूनंही होते. प्रवासाचा वेळ वाचला म्हणून रस्त्याकडेच्या जमिनीची किंमत वाढते. मग वाचलेला वेळ हा एक फायदा आणि वाढलेली किंमत हा दुसरा फायदा, असं दोनदा लिहिलं जातं. ते एकच आहे. सोसायटीत एकच ठेव दोन पानांवर लिहिली तर मला नोकरीवरून काढतील.

तेच सुवर्ण विधानसौधबद्दल. बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पहिल्यांदा २००६ मध्ये भरलं. हलगा-बस्तवाडजवळची भव्य इमारत ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली, तिला सुमारे चारशे कोटी लागले. तिचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे. मी इथं फक्त पैशाचं विचारतो. डिसेंबरात दहाएक दिवस लॉज भरतात, म्हणून शहराचा फायदा झाला असं म्हणतात. पण त्याच दिवसांत लॉज मिळत नाही म्हणून जे पाहुणे, व्यापारी, लग्नाची वऱ्हाडं आली नाहीत, ती वजा केली का? ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली, त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढीला काय काम मिळालं, ते कुणी जाऊन विचारलं का? बारा वर्षं ही मोजायला पुरेशी असतात.

महाराष्ट्र यात पुढं आहे असं मानायचं कारण नाही. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून महाराष्ट्रात सिंचन दहा वर्षांत ०.१ टक्क्यानंच वाढल्याचं दिसलं, आणि सत्तर हजार कोटी गेले कुठं म्हणून राज्य हादरलं. २०१२ मध्येच सरकारनं श्वेतपत्रिका काढून वेगळा हिशेब मांडला. सिंचनक्षमता म्हणजे धरणात अडलेलं पाणी कागदावर जेवढ्या शेताला पुरेल तेवढं, आणि भिजलेलं शेत ही निराळी गोष्ट. कोण काय मोजतं हे आधी ठरलं नाही, तर भांडण वर्षानुवर्षं चालतं. त्याआधी १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीनं प्रदेशांचा अनुशेष, म्हणजे विकासात मागं राहिलेली तूट, ३,१८६ कोटींवर काढला होता. काम मोठं होतं. पण नंतर अनुशेष म्हणजे रुपये एवढीच समजूत रुजली. रुपये दिले की अनुशेष संपला असं मानलं गेलं. कर्नाटकात डी. एम. नंजुंडप्पा समितीनं २००२ मध्ये पस्तीस निर्देशक लावून १७५ पैकी ११४ तालुके मागास ठरवले आणि आठ वर्षांत ३१ हजार कोटींची विशेष योजना सुचवली. पुन्हा चर्चा राहिली ती किती मंजूर, किती खर्च. २०२४ मध्ये एम. गोविंद राव यांच्या अध्यक्षतेखाली नव्यानं समिती नेमावी लागली. पहिल्या रुपयाबरोबर मोजमापही सुरू झालं असतं, तर दुसऱ्या समितीला पायापासून सुरुवात करावी लागली नसती.

आता आपल्याच माणसांना सांगायचं आहे, आणि ते मी जपून पण स्पष्ट सांगतो. आपण सीमाभागातले मराठी लोक कायम म्हणत आलो, की मराठी भाग म्हणून आमच्या गावांना निधी मिळत नाही. मीही म्हणालो आहे, सभांमधून टाळ्या वाजवल्या आहेत. सीमावादावरचा १९६६ चा महाजन आयोग, महाराष्ट्राचा २००४ पासूनचा सर्वोच्च न्यायालयातला दावा, महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांची यादी हे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे. पण येळ्ळूर, उचगाव, कडोली यांच्याएवढ्याच अंतरावरच्या, तेवढ्याच लोकवस्तीच्या कन्नड गावांना दरडोई किती खर्च मिळाला आणि आपल्याला किती, हा तक्ता आपण कधी नीट तयार केलेला नाही. ग्रामपंचायतीचे आराखडे माहितीच्या अधिकारात मिळतात. तक्ता आपल्या म्हणण्याला दुजोरा देईल, तर तो न्यायालयात आणि विधानसभेत भाषणापेक्षा जास्त बोलेल. तो दुजोरा देणार नाही, तर ती तक्रार आपण सोडून द्यावी. भाषेचा हक्क मागायला गरिबीचा पुरावा लागत नाही. तो हक्क स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याला न मोजलेल्या दाव्याचा टेकू दिला की तो कमकुवत होतो.

भाषेवरून आणखी एक, कारण मोजमापाशी तिचा थेट संबंध आहे. पाहणी करणारा माणूस कन्नड प्रश्नावली घेऊन तुरमुरीला आला, की उत्तर घरातला शिकलेला पोरगा देतो, अक्का देत नाही. मग बायकांच्या योजनेचा परिणाम पुरुषांच्या तोंडून लिहिला जातो. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असतील तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे तत्त्व जुनं आहे. प्रश्नावलीला ते लावायला आंदोलन लागू नये. आकडा खरा हवा असेल तर सरकारलाही ते लागेल. चंदगडच्या कडेला जी कन्नड घरं असतील, त्यांना कन्नडमध्ये विचारावं, हेही तितकंच.

कोण करणार, असं लोक विचारतात. बेळगावात २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ. दोन्हीकडं अर्थशास्त्राचे विद्यार्थी आहेत ज्यांना प्रबंधासाठी विषय हवा असतो. रेघेच्या दोन्ही बाजूंची वीस-वीस गावं ठरवावीत, वर्षातून दोनदा, लावणीच्या वेळी आणि सुगीनंतर, त्याच घरांत जावं. देशाच्या श्रमशक्ती पाहणीनं जानेवारी २०२५ पासून जिल्हा हा मूळ घटक धरला आहे, त्याचा आधार आहे. पण जिल्ह्याचा आकडा बाचीपर्यंत पोचत नाही. लोकसंख्येचे पूर्ण आकडे तर अजून २०११ चे वापरावे लागतात. त्यानंतर या गावांत किती नवी घरं झाली हे बसच्या खिडकीतूनही दिसतं. आणि दोन्ही सरकारांनी एवढंच करावं, की नवी योजना जाहीर करण्याआधी सहा महिने या गावांना कळवावं, म्हणजे आधीचं चित्र लिहून ठेवता येईल. नंतर आधीचं चित्र कुठूनही मिळत नाही. गृहलक्ष्मीच्या बाबतीत ती संधी गेली.

माझ्या हातात विद्यापीठ नाही. सोसायटीतले एक कन्नड सहकारी आहेत, कर्ज विभागात. ते आणि मी मिळून प्रश्नांचा एक कागद केला, एक बाजू कन्नड, एक बाजू मराठी. अक्कानं तुरमुरीतली सहा घरं बोलून दिली, धाकटीनं शिनोळीतली सहा. बारा घरांनी काही सिद्ध होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. नावं लिहीत नाही, नुसते क्रमांक लिहितो. पहिली फेरी सुगी आटोपल्यावरच्या रविवारी झाली. पहिला प्रश्न असा आहे: गेल्या महिन्यात बाजाराला किती वेळा गेलात, कशानं गेलात, आणि परत येताना हातात काय होतं?